वर धरायला पांढरं कापड

"केतू, माझी गाडी पपईच्या रंगाची आहे," दादा कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालून म्हणाला. "हे कुजकं केळं कुठनं आलं?"

"छत निळं आहे त्याला मी काय करू?"

"तूच म्हणालीस फ्लॅश छतावर मारायचा."

"पांढऱ्या छतावर."

दोघांनी वर बघितलं. उद्यमनगरातल्या त्या शेडचं छत निळ्या पत्र्याचं होतं, आणि जिथं पत्रा निळा नव्हता तिथं गंजलेला होता.

हे मी दहावीत असतानाचं सांगतेय. आता मी बारावीत आहे, त्यामुळं तेव्हा मी किती शहाणी होते ते मला आता नीट दिसतं. जिल्ह्याच्या फोटो स्पर्धेत माझा दुसरा नंबर आला होता, शाळेच्या क्लबचा कॅमेरा दिवाळीच्या सुट्टीत घरी न्यायची परवानगी मिळाली होती, आणि कोल्हापुरात मला न येणारी गोष्ट शिल्लक राहिलेली नाही असं माझं प्रामाणिक मत होतं. फ्लॅश गाडीवर थेट मारला की बॉनेटवर पांढरा डाग पडतो आणि बाकीची गाडी काळोखात जाते, हे मला माहीत होतं. म्हणून फ्लॅशचं डोकं वर वळवायचं. उजेड छताला आपटतो, मऊ होतो आणि गाडीवर सावकाश उतरतो. फक्त येताना छताचा रंग घेऊन येतो. हे दादाला मी आदल्या दिवशी फार भाव खात समजावलं होतं, पण वर बघायचं मात्र विसरले होते.

"बाहेर ढकलूया का?" मी विचारलं.

"पोट घासंल. उंबरा बघ किती उंच आहे."

ते खरं होतं. दादानं गाडी इतकी खाली बसवली होती की तिच्याखालून मांजरसुद्धा विचार करून गेलं असतं. स्प्रिंगा कापल्या होत्या, चाकं रुंद केली होती, दारं वर उघडत होती. मूळची ती आण्णांची, म्हणजे आमच्या वडिलांची, पहिली टुरिस्ट गाडी, पांढरी. त्यांनी ती दादाला दिली होती चालवायला. दादानं डिप्लोमा अर्धा सोडून ती कापायला घेतली. कापलेल्या स्प्रिंगा आण्णांनी बघितल्या त्या दिवसापासून ते दादाशी बोलत नव्हते. भांडण नाही, शिवी नाही, काही नाही. दादा जेवायला बसला की आण्णा ताट उचलून बाहेरच्या खोलीत जायचे. शेवटी दादाच शेडमध्ये राहायला आला. त्याला वर्ष होत आलं होतं. डबा मी पोचवायचे.

आणि त्या दिवशी सहा वाजेपर्यंत पुण्याच्या एका गाड्यांच्या मेळाव्याला एक फोटो पाठवायचा होता. एकच, गाडी अख्खी दिसेल असा. निवड झाली तर गाडी तिथं ठेवायला मिळणार, गिऱ्हाईक येणार. नाही झाली तर दादा चाकणला एका कंपनीत जाणार होता. बॅग भरून ठेवली होती त्यानं, मी बघितली होती. तो गेला असता तर घरात तो असा पुसला गेला असता की जणू कधी नव्हताच, हे मला कळत होतं. ते एवढं नीट म्हणता येत नव्हतं, म्हणून मी फोटोच्या मागे लागले होते.

"पांढरं कापड," मी म्हटलं. "मोठं. छताच्या खाली ताणून धरायचं. त्यावर फ्लॅश."

"आज सोमवार. कापडाची दुकानं बंद."

"वणकुद्रे काकांकडं असतंय. मी आणतो."

(आमच्याकडं मुलीसुद्धा 'आणतो', 'जातो' असंच बोलतात. लिहिताना मी 'आणते' लिहिते. बोलताना जमत नाही आणि जमवायचंही नाही.)

वणकुद्रे काकांचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी आहे. सत्यनारायणापासून पुढचं सगळं साहित्य तिथं मिळतं. मी सायकल टाकली आणि धापा टाकत काउंटरवर गेले.

"काका, पांढरं कापड द्या. कोरं. पिवळट नको."

काका पेपर वाचत होते. "कुणासाठी गं?"

"दादासाठी."

"कुठला दादा?"

"आमचा हो. रणजितदादा."

पेपर खाली आला. काकांनी चष्मा काढला. "कधी?"

गाडी कधी रंगवून झाली, असंच विचारतायत हे मला इतकं स्वच्छ वाटलं. अख्खी गल्ली त्या गाडीवरनं आम्हाला चिडवत होती. "काल रात्री संपलं सगळं," मी म्हटलं. "एकट्यानंच केलं त्यानं. कुणाला कळू पण दिलं नाही."

"अरे देवा." काका हळूच म्हणाले. "आई कुठाय?"

"कागलला. मामीचं बाळंतपण आहे."

"तिला कळवलं?"

"नाही. संध्याकाळी फोटो पाठवणाराय."

काकांनी डोळे मिटले. मग उघडले. "आणि आण्णा?"

"आण्णांना सांगू नका हं काका. ते आले तर उगंच तमाशा होईल. तुम्हाला माहितेय त्यांचं."

"अगं पण असं कसं, बाळ..."

"काका, लवकर द्या. सहाच्या आत उरकायचंय."

त्यांनी गठ्ठा काढला आणि मोजायला लागले. दोनदा चुकले, पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मला वाटलं, वय झालं.

"बांबू?" त्यांनी विचारलं.

"आहेत की. मांडवाचे दोन लांब पडलेत."

"आणि धरायला माणसं?"

"चौघं पाहिजेत खरं तर. सध्या मी आणि शेजारचे दस्तगीर चाचाच. बघू."

"तू नको धरूस, पोरी. मुली धरत नाहीत."

आता हे ऐकून मी गप्प बसणार होते होय? "का नाही धरत? मीच धरणार. जमाना बदललाय काका."

काकांनी माझ्याकडं असं बघितलं की मला फार बरं वाटलं. इतक्या आदरानं कुठल्या मोठ्या माणसानं माझ्याकडं कधी बघितलं नव्हतं. त्यांनी कापड टरकन फाडलं, घडी केली, पिशवीत घातली, वर आणखी काही पुड्या टाकल्या. पैसे घेईनात. "नंतर बघू," म्हणाले आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी विजयी मुद्रेनं सायकल मारत परत आले.

शेडमध्ये दादानं पिशवी उपसली. गुलाल, कापूर, अगरबत्तीचा पुडा.

"हे कशाला?"

"गाडीच्या पूजेला दिलं असेल. चांगला माणूस आहे."

"आहेच," दादा म्हणाला. त्याला खरंच भरून आलं होतं. गाडीचं कौतुक केलेला आमच्या गल्लीतला तो पहिलाच माणूस. त्यानं बॉनेटला गुलालाचं बोट लावलं, ते मी पुसायला लावलं, तर तेच बोट त्यानं स्वतःच्या कपाळाला लावलं. मग त्यानं अगरबत्ती पेटवून दाराशी खोचली. ती फोटोत येत नव्हती, म्हणून राहू दिली.

शेजारच्या लेथवरून दस्तगीर चाचा हात पुसत आले. आम्ही कापड दोन बांबूंना बांधलं. एक बांबू खिडकीच्या गजांना, दुसरा चाचांच्या हातात. उरलेलं टोक खाली ओढून धरायला दादा गाडीच्या पलीकडं जमिनीवर आडवा झाला, म्हणजे तो दिसणार नाही. बाहेरचा उजेड आत नको म्हणून शेडचं शटर ओढून घेतलं.

"चाचा, वर. अजून वर."

"पोरी, माझे हात काय जिराफाचे आहेत का?"

"दादा, टोक सोडू नको."

"नाकात मुंगी जायलीय."

"जाऊ दे तिला."

मी फ्लॅश वर वळवला, एक काढला. जरा निळाच. कापड आणखी ताणायला लावलं. दुसरा बरा. पपई दिसायला लागली, पण कडेला सावली पडत होती. तिसऱ्याला चाचांना एक पाऊल मागे सरकवलं, श्वास धरला, बोट बटणावर ठेवलं, आणि शटर वर गेलं.

ते उघडलं नाही, भिंतीवर भिरकावल्यासारखं वर गेलं. त्या आवाजानंच माझं बोट दाबलं गेलं. फ्लॅश पडला. त्या एका क्षणात सगळी शेड दुधासारखी उजळली आणि दारात आण्णा दिसले, ड्रायव्हरच्या पांढऱ्या कपड्यांत, पायात एकच चप्पल.

आण्णा त्या शेडमध्ये कधी आले नव्हते. चाचांच्या हातातला बांबू तसाच वर राहिला. मीही तशीच. आण्णा पुढं आले नाहीत, नुसते उभे राहिले. त्यांचा ऊर भात्यासारखा हलत होता. माझ्या मनात एकच आलं, गाडी फोडायला आले.

"आण्णा, हात लावायचा नाही," मी म्हटलं. माझा आवाज इतका बारीक आला की मलाच राग आला. "फोटो होऊ दे, मग काय ते बोला."

त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

गाडीच्या पलीकडून दादा उठला. केसांना धूळ, कपाळाला गुलाल, हातात कापडाचं टोक.

"आण्णा?" तो म्हणाला. वर्षभरात पहिल्यांदा.

आण्णा एकदम खाली आले. बसले असं म्हणता येणार नाही. तिथं एक जुना टायर पडला होता म्हणून बरं, ते त्यावर आले. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. चाचा धावले. कापड सुटून खाली ऑइलमध्ये पडलं, आणि माझ्या मनात आलं, गेलं, आता दुसरा फोटो होत नाही. खरंच, वडील कोसळलेत आणि मला कापडाचं दुःख. तेव्हा काही माहीतच नव्हतं.

"पाणी," आण्णा म्हणाले.

दादानं बाटली दिली. आण्णांनी बाटली न घेता त्याचं मनगट धरलं. नाडी बघतात तसं धरलं आणि सोडेनात. दादा अवघडून वाकून उभा राहिला. त्याला काही कळत नव्हतं, मलाही नाही.

तेवढ्यात वणकुद्रे काका आले. हातात तुळशीची माळ होती. दादाला बघून ते दारातच थांबले, मग माळ पाठीमागं लपवली.

"हा तर उभा आहे," काका म्हणाले.

"मग काय झोपू?" दादा म्हणाला. "काका, काय चाललंय?"

काका माझ्याकडं वळले. "तू म्हणालीस कापड दादासाठी पाहिजे."

"हो. वर धरायला. फ्लॅशला."

"कसल्या फ्लॅशला? तू म्हणालीस रात्री संपलं सगळं."

"रंगकाम."

"तू म्हणालीस बांबू आहेत. चौघं पाहिजेत म्हणालीस. मीच धरणार, जमाना बदललाय म्हणालीस."

सगळ्यात आधी दस्तगीर चाचांना उमगलं. ते भिंतीला टेकले आणि आवाज न करता हसायला लागले, मग खोकायला लागले, मग खोकता खोकता मला म्हणाले, "आणि तू खांदा देणार होतीस. जमाना बदललाय."

दादाला समजलं तसा तो पोट धरून हसला, एक मनगट आण्णांच्या हातात ठेवूनच. "काका, माझं माप कितीचं धरलंत? मी उंच आहे, पाय उघडे राहिले असते."

काकासुद्धा हसले, डोळे पुसत. मीही हसले. इतकी हसले की कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यात रुतला. एक साधा शब्दांचा घोळ. उद्या गल्लीत सांगायला काय झकास गोष्ट.

आण्णा हसत नव्हते. ते पाणी पीत होते. काकांचा फोन गेल्यावर जोतिबाला नेलेली माणसं तिथंच सोडून ते आले होते, हे काकांनी सांगितलं. आण्णांनी एवढ्या वर्षांत एक गिऱ्हाईक कधी पाच मिनिटं थांबवलेलं नाही.

"केतू," दादा म्हणाला, "शेवटचा फोटो कसा आलाय बघ. कापड तर गेलं."

मी पडदा उघडला. आणि काय सांगू, तो फोटो. कापडावरनं उजेड असा उतरला होता की जणू गाडी पिकून झाडावरच चमकत असावी. गाडीच्या टपावरची उजेडाची रेघ बॉनेटवरून सरळ, कुठं न तुटता गेलेली. एकही डाग नाही. फक्त डाव्या कडेला दारातले आण्णा आले होते.

"आण्णांना काप आणि पाठव," दादा म्हणाला. "सहाला वेळ आहे."

कुठून कापायचं ते बघायला मी फोटो मोठा केला. आण्णांचा चेहरा पडद्यावर भरला. तोंड उघडं, मान मागं टाकलेली, वर बघतायत. मला वाटलं, कापडाकडं बघतायत. चमकल्यावर माणूस उजेडाकडंच बघणार.

पण कापड उजवीकडं होतं. आण्णा डावीकडं बघत होते.

मी फोटो सरकवला. डावीकडं छताखाली लोखंडी तुळई होती. इंजिन उचलायची साखळी तिला लटकत होती, रिकामी.

मी आणखी मोठा केला, माझं चुकत असेल म्हणून. चुकत नव्हतं. शटर उघडल्याबरोबर त्यांनी गाडीकडं बघितलं नव्हतं, चाचांकडं नाही, माझ्याकडं नाही, जमिनीवर नाही. सगळ्यात आधी त्यांनी तिथं बघितलं होतं.

मी उठून काकांना दाराबाहेर घेऊन गेले. "काका, तुम्ही आण्णांना फोनवर काय सांगितलंत? नेमकं?"

"मी काय सांगणार गं. रणजित गेला म्हटलं."

"कसा गेला, विचारलं त्यांनी?"

"नाही विचारलं." काका माळेची पानं चुरडत होते. "मी आपणहूनच बोललो. तू म्हणालीस तेवढंच. एकट्यानंच केलं, म्हटलं, कुणाला कळू दिलं नाही."

"मग?"

"मग ते म्हणाले, हो. नुसतं हो. जसं काही माझ्याच फोनची वाट बघत होते. आणि ठेवला."

शेडच्या आतून दादाचं हसणं अजून येत होतं. तो चाचांना मुंगीची गोष्ट सांगत होता.  माझ्या हातातला तो पडदा आपोआप विझला.

मी आत आले, आण्णांना कापलं आणि फोटो पाठवला. पुण्यात तो निवडला गेला नाही, हे इथंच सांगून टाकते. दुसऱ्या कुणाची तरी हिरवी जीप निवडली गेली आणि ती काही एवढी ग्रेट नव्हती. पूर्ण फोटो माझ्याकडं आहे. दादानं मागितला, मी म्हटलं उडाला.

आण्णा टायरवरून उठले. चप्पल एकच होती, ती त्यांनी काढून ठेवली आणि अनवाणी गाडीभोवती एक फेरी मारली. दादा श्वास रोखून बघत होता. गुडघे टेकून आण्णांनी खालून बघितलं, कापलेल्या स्प्रिंगेवर बोट फिरवलं.  मग उभे राहिले आणि तुळईखाली गेले.

"पाना आण," ते दादाला म्हणाले.

"कसला पाना?"

"ही साखळी उतरवायची आहे."

"आण्णा, ती लागते." दादा गोंधळून हसला. "इंजिन बसवायचंय अजून. ते काय हातानं उचलू?"

"उतरव म्हटलं ना."

दादानं माझ्याकडं बघितलं, हे काय म्हणून. मी खाली बघितलं. त्यानं शिडी लावली, वर चढला, नट ढिला केला. साखळी खळखळत खाली आली. आण्णांनी ती जमिनीला टेकू दिली नाही, हातावर घेतली, गुंडाळली आणि खांद्यावर टाकली. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ग्रीसचा पट्टा उमटला.

"आता इंजिन कशानं उचलू सांगा," दादा शिडीवरूनच म्हणाला.

आण्णा दारापर्यंत गेले होते. पाठमोरेच थांबले.

"मला हाक मार," ते म्हणाले. "मी येतो उचलायला."